घरातील हस्तकला व आईबापांचे कर्तव्य
(घरगुती उपासनेसाठी व शब्बाथशाळेसाठी पाठ)

शास्त्रवाचन : १ शमुवेल २:१८–२१, प्रेषितांची कृत्ये ९:३६–४२, योहान ६:१२.
पाठाचा उद्देश : थोड्या खर्चात, घरच्याच साहित्याने, आईबापांनी मुलांसह काही उपयोगी वस्तू कराव्या, व त्या कामाच्या निमित्ताने मुलांस देवाचे ज्ञान द्यावे.



कासूसारख्या गावातील कुटुंबाचा दिवस कसा जातो हे आपणांस सांगावयास नको. पावसाळ्यात भातलावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी व झोडणी, मग वालाचे शेत. ज्यांस स्वतःचे शेत नाही ते मिठागरावर किंवा वीटभट्टीवर जातात. कित्येक जण पहाटे निघून नागोठणे व डोलवी येथील कारखान्यांत मजुरी करितात. सायंकाळी आई चुलीपाशी बसते, बाप थकून ओटीवर टेकतो, आणि मूल रडू नये म्हणून त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. ह्यात आईबापांचे प्रेम उणे आहे असे नाही. वेळ उणा आहे. परंतु वेळ उणा असला तरी मूल वाढावयाचे थांबत नाही, ही गोष्ट मनात ठेविली पाहिजे.

दुसरी अडचण पैशाची. नाताळ जवळ आला की नवे कपडे, खेळणी, आकाशदिवा ह्यांची मागणी होते. मजुरीवर हे सर्व भागत नाही, म्हणून कोणी उसने घेतो, कोणी भट्टीवाल्याकडून उचल घेतो. आणि तारणाऱ्याच्या जन्माचा सण संपल्यावर घरात ऋणाचे बंधन मात्र उरते. पुढल्या हंगामाची मजुरी आधीच खर्चून बसणे ह्यासारखे दुसरे दास्य नाही. म्हणून हा पाठ केवळ करमणुकीचा नाही.

१. हन्नेचा झगा

हन्नेने आपला पुत्र शमुवेल ह्याला शिलो येथे देवाच्या सेवेस वाहिले. पुढे ती प्रतिवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा करून वार्षिक यज्ञाच्या वेळी नेत असे. ह्या वाक्यात किती अर्थ आहे पाहा. मूल दूर, वर्षातून एकदा भेट, तेव्हा मुलगा वर्षभरात किती वाढला असेल ह्याचा अंदाज करूनच तिला कापड बेतावे लागत असेल. प्रत्येक टाक्याबरोबर तिने त्याची आठवण केली असेल, असे म्हणण्यास काय हरकत आहे? शिवाय एकविसाव्या वचनात तिला पुढे तीन पुत्र व दोन कन्या झाल्याचे सांगितले आहे. म्हणजे हन्ना रिकामी बसलेली स्त्री नव्हती. तुमच्यासारखीच भरल्या घरातील आई होती. त्या झग्याचे मोल कापडावरून ठरत नाही.

यापो येथील टबीथा, जिला दुर्कस म्हणत, तिची साक्ष कशाने दिली गेली? विधवांनी रडत रडत पेत्राला तिने शिवलेली वस्त्रे दाखविली. आणि पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, ते कशासाठी? काही फुकट जाऊ नये म्हणून. ज्याच्या हाती भाकरी वाढविण्याचे सामर्थ्य होते त्याने तुकड्यांची काळजी केली. मग आपण जुने लुगडे, कागद व झावळी उकिरड्यावर का टाकावी?

२. हाताचे काम हलके नव्हे

कोणी म्हणतील, बांबूचे काम बुरुडाचे, मातीचे काम कुंभाराचे. आपण ते का करावे? ही जुनी भिंत आपल्या मनात उभी राहू देऊ नये. आपला प्रभु नासरेथात सुतार म्हणून ओळखला गेला. पौल विद्वान असून तंबू करीत असे. आणि निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेलास आपल्या आत्म्याने भरले, ते हाताचे कसब यावे म्हणून. आपल्याच तालुक्यात पेण, हमरापूर व जोहे येथे गणेशमूर्ती घडविणारी घराणी आहेत. आपण मूर्तिपूजा करीत नाही. तथापि मुलाने वडिलांशेजारी बसून माती मळण्यास शिकावे व तेच कसब पुढे त्याने आपल्या मुलास द्यावे, ही रीत आपणही घेण्याजोगी आहे.

शिक्षणाच्या कामातही हे तत्त्व मान्य झाले आहे. जर्मनीत एका लूथरन पाळकाचा पुत्र फ्रोबेल ह्याने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढिली व कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम ह्यांस अभ्यासात स्थान दिले. आपल्या देशात ताराबाई मोडक ह्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला. पुढे १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ ह्यांच्यासह काम करिताना त्यांनी महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने व फुले घेतली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातही शाळा भरविली. जे साहित्य वारल्यांच्या मुलांस पुरले ते आपल्या मुलांस न पुरण्याचे कारण नाही.

३. करावयाच्या तीन वस्तू

(अ) लहान गोधडी. दोन जुनी लुगडी किंवा साड्या धुऊन वाळवाव्या. मजबूत भाग वर व खाली घ्यावा. विरलेले तुकडे मध्ये पसरावे. तान्ह्या मुलासाठी अडीच हात लांब व दोन हात रुंद पुरे. सारविलेल्या किंवा स्वच्छ जमिनीवर थर सारखे पसरून प्रथम लांब लांब कच्चे टाके घालावे, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेपासून आरंभ करून धावदोरा घालीत चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे यावे. दोन फेऱ्यांत बोटभर अंतर ठेवावे. रोज एक फेरी घातली तरी काम पुढे सरकते. सहासात वर्षांच्या मुलाने सुईत दोरा ओवून द्यावा व तुकडे निवडावे.

(आ) झावळीच्या वस्तू. माडाची पडलेली झावळी फुकट मिळते. पात्यांतील हीर सुरीने सोलून काढावे व उन्हात वाळवून मुठीएवढी जुडी झाली की घट्ट बांधावी; अंगणासाठी खराटा तयार झाला. सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे, लांबीप्रमाणे हीर लावून ठेवण्याचे मुलांनी. हिरव्या पात्याच्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून चार पाखांची भिंगरी करावी व मध्ये हीर खोवावा. मूल वाऱ्यासमोर धावेल, आणि ह्या खेळण्यास एक पैसाही लागणार नाही. झावळ्यांच्या रविवारी ह्याच पात्यांनी मंदिर सजवावे.

(इ) नाताळचा तारा. बांबूच्या पातळ कामट्या घ्याव्या : दोन वीत लांबीच्या दहा, व चार बोटे लांबीच्या पाच. पाच लांब कामट्या एकमेकींवर ठेवून पाच टोकांचा तारा करावा व टोके सुतळीने बांधावी. तसाच दुसरा करावा. दोन्ही तारे एकावर एक ठेवून पाचही टोके एकत्र बांधावी. मग आतील बाजूस, जेथे कामट्या एकमेकींस छेदितात अशा पाच ठिकाणी, दोन ताऱ्यांच्या मध्ये एकेक आखूड कामटी उभी करून बांधावी; तारा आपोआप फुगतो. मैद्याची खळ शिजवून पातळ कागद चिकटवावा, व एक बाजू थोडी उघडी ठेवावी. आत मेणबत्ती कदापि लावू नये, कागद पेट घेतो. लहान विजेचा दिवा सोडावा. बापाने कामट्या तासाव्या, आईने खळ करावी, मुलांनी कागद चिकटवावा. कागद वाकडातिकडा बसला तरी तो उखडून पुन्हा आपण लावू नये. मुलाचा हात त्यात दिसू द्यावा.

४. वेळ कोठून आणावा?

रात्रीचे जेवण झाल्यावर पाव तास पुरे. आठवड्यातून तीन रात्री मोबाईल फळीवर ठेवावा व सर्वांनी एकत्र बसावे. अनुवाद सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांस कोठे शिकवाव्या असे सांगितले आहे? घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना. म्हणजे वेगळी शाळा नव्हे, रोजचे जीवन हीच शाळा. हात कामात असले की मूल मनातील गोष्ट सहज बोलते. गोधडी शिवताना हन्नेची, तारा करिताना मागी लोकांची, टोपली विणताना मोशेच्या आईने लव्हाळ्याच्या पेटाऱ्यास डांबर व राळ कशी लाविली ह्याची गोष्ट सांगावी.

मात्र एक सूचना. हे काम मुलांच्या पोटाचा धंदा होऊ देऊ नये. त्यांच्या शाळेची व खेळाची वेळ घेऊन खराटे बाजारी विकविणे हा जुलूम होय. मुलाला काम शिकविणे एक, मुलाला कामाला जुंपणे दुसरे.

उपदेशक बंधूंनी दिसण्यासाठी बाजारचे रंगीत साहित्य आणू नये. गरीब आई ते पाहून नाउमेद होते. जे तिच्या अंगणात आहे तेच मंदिरात आणावे. मंडळीत जी विधवा आहे किंवा ज्या घरची माणसे भट्टीवर दूर गेली आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येक घराने एकेक तुकडा देऊन मिळून एक गोधडी शिवावी. यापोच्या विधवांप्रमाणे कोणास तरी ती हाती धरून दाखविता यावी.

विचारासाठी प्रश्न

१. हन्नेच्या झग्यावरून आईच्या प्रार्थनेविषयी आपण काय शिकतो?
२. तुकडे गोळा करण्याची प्रभूची आज्ञा आपल्या घरात कोठे लागू पडते?
३. गेल्या नाताळाचे कोणते ऋण अद्याप फिटले नाही? ह्या वर्षी ते कसे टाळाल?
४. आपल्या मंडळीत गोधडीची गरज कोणास आहे?

प्रार्थनेचा विषय : आपल्या हातांचे काम देवाने स्थिर करावे, थकलेल्या आईबापांस संध्याकाळचे बळ द्यावे, व आपल्या मुलांनी घरातच त्याची ओळख करून घ्यावी.