पिलाची दिनचर्या

विद्यार्थिमित्रहो, उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या कर्जत-खालापूरकडील कित्येक घरी कुत्र्याचे नवे पिलू येते. पहिले आठ दिवस ते उचलून घेण्यासाठी भावंडांत भांडणे होतात. पुढे जूनमध्ये पाऊस लागतो, शाळा उघडते, आणि पिलू पडवीतल्या गोणपाटावर एकटे पडते. मुलांची हौस ओसरते. पिलाची भूक मात्र ओसरत नाही. म्हणून पॉमेरेनियन, डॅशहुंड इत्यादी लहान जातींच्या पिलांची जोपासना कशी करावी, याचा येथे थोडक्यात विचार करू.

प्रथम आहार. पिलू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी त्यास आईपासून तोडू नये. घरी आणल्यावर ते तीन महिन्यांचे होईपर्यंत त्यास दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी व थोडे थोडे खावयास द्यावे. लहान जातीच्या पिलाच्या देहात साठा फार थोडा असतो. एखादी वेळ चुकली तरी त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते व प्राणावर बेतते.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकलो ते अनुभवाने. एकदा उत्तरपत्रिका तपासण्याच्या गडबडीत मी आमच्या पिलास सकाळचे खाणे घालावयास विसरलो. मुलीस वाटले, बाबांनी घातले असेल. दुपारी पाहतो तो पिलू मान टाकून थरथरत पडलेले! त्याच्या हिरड्यांना साखरेचे घट्ट पाणी चोळले, फडक्यात गुंडाळून ऊब दिली व तसेच पशुवैद्याकडे नेले. देवाच्या कृपेने ते वाचले. त्याच दिवशी आम्ही भिंतीवर एक तक्ता लावला. जो खाणे घालील त्याने त्या वेळेपुढे खूण करावी, असा नियम ठरला. प्रेम आम्हां सर्वांचे होते. पण काम कोणा एकाचे नव्हते, हीच आमची चूक होती.

पिलांसाठी तयार मिळणारे खाद्य सर्वांत सोयीचे. घरचे द्यावयाचे तर मऊ भात, उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेली कोंबडी द्यावी. मात्र प्रमाण पशुवैद्यास विचारावे. गाईम्हशीच्या दुधाने पुष्कळ पिलांस ढाळ लागतात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही त्यांस विषासमान होत. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. झोपेतून उठताच, खाणे संपताच व खेळून झाल्यावर पिलास ठरलेल्या जागी न्यावे. तेथे विधी केला की शाबासकी द्यावी. घरात चुकून घाण केल्यास मारू नये. माराने ते जागा शिकत नाही, केवळ आपणांस भिऊ लागते. पिलू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते, तेव्हा खेळासाठी त्यास वारंवार जागे करू नये.

आपल्याकडील पावसाळा पिलास विशेष कठीण. अंथरूण रोज बदलून कोरडे द्यावे. पाय व पोट कोरड्या फडक्याने पुसावे. कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत व गळपट्ट्याखाली गोचीड आहेत काय, हे रोज पाहावे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा रोग कुत्र्यांस व माणसांसही होतो. म्हणून डबक्यातले पाणी पिलास पिऊ देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांनी पिले पाहता पाहता दगावतात. त्यांवरील पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, व पुढील लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत देतात. तोवर ते मोकाट कुत्र्यांच्या वाटेवर सोडू नये. जंतांचे औषधही वेळच्या वेळी द्यावे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर देतात व पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे ती पुन्हा टोचून घ्यावी लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. मात्र त्याआधी उपाय निश्चित आहे. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलास पहिल्याने ही लस टोचली व तो जगला. तेव्हा पिलाचा दात वा नख लागून रक्त आले, तर घरी रागावतील या भीतीने ते लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा व त्याच दिवशी दवाखान्यात जा. पालकांसही विनंती की, अशा वेळी मुलास आधी रागावू नये.

नामदेवांची कथा आपण जाणताच. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रेही आपल्या पशूच्या जिवाला जपणे हे धार्मिकाचे लक्षण मानतात. आपणांस वाटी घेऊन धावावयाचे नाही. नेमल्या वेळी पिलासमोर ठेवावयाची आहे, इतकेच. पावसाच्या दिवशीही, परीक्षेच्या दिवशीही. एवढे आपल्या हातून होणार असेल, तरच मित्रहो, पिलू घरी आणावे.