घरातलं ॲसिड, थिनर, फवारणीचं औषध: घालवायला किती पैसे लागतात?

घर बदलताना माळ्यावरून एकेक निघतं. रंगाचा अर्धा डबा, थिनरची बाटली, बंद पडलेली इन्व्हर्टरची बॅटरी, शेतातून आलेलं उरलेलं औषध. हे रीतसर घालवायचं म्हणजे मोठा खर्च, असं लोक धरून चालतात. तसं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साध्या कुटुंबाला रबरी हातमोजे आणि झाकणाची बादली, एवढाच खर्च बहुधा पडावा.

बॅटरीचे तर उलट पैसे मिळतात. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी 50 किलोच्या आसपास भरते, म्हणजे किलोमागे 10 रुपयांचा फरक पडला तरी 500 रुपये. दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि जुनीची वजावट नव्या बॅटरीच्या बिलावर लिहून घ्या. नेण्या-आणण्याचं भाडं कोणाकडे, हेही आधीच ठरवा. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. ॲसिड ओतून द्या म्हणणाऱ्या भंगारवाल्याला मात्र सरळ नाही म्हणा. त्या ॲसिडात शिसं असतं आणि ते तुमच्याच अंगणात मुरतं.

रंगाचे डबे, सीएफएल, ट्यूब, पाऱ्याचा फुटका थर्मामीटर आणि मुदत संपलेल्या गोळ्या हा घरगुती घातक कचरा. त्यासाठी शहरात दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं, असं 2016 च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितलं. तुमच्या भागातलं केंद्र कुठे आहे, ते प्रभाग कार्यालयात किंवा नगरपालिकेत विचारा. उत्तर मिळेना तर लेखी अर्ज द्या. घंटागाडीवर द्यायचं झालं तर वेगळ्या पिशवीत, वर ठळक लिहून, कर्मचाऱ्याच्या हातात द्या. वेगळे पैसे मागितले तर पावती मागा. रांजणगावच्या एमआयडीसीत घातक कचऱ्याचा मोठा प्रकल्प आहे, पण त्याचं काम मुख्यतः कारखान्यांचं. एका डब्यासाठी तिथवर पेट्रोल जाळू नका.

मला जास्त काळजी वाटते ती फवारणीच्या औषधांची. कांदा, डाळिंब, द्राक्षाच्या गावांत बांधावर रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. बाटली संपली की लगेच तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. पैसे मोजून आणलेलं औषध पिकावरच जातं. मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे तिच्यात कोणी तेल-पाणी भरणार नाही. कीटकनाशक नियम असं रिकामं भांडं फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगतात. विहीर आणि ओढाही लांब असू द्या. अकोले-पारनेरकडच्या ओढ्यांचं पाणी मुळा धरणात येतं आणि तेच नगर शहर पितं. उरलेलं औषध मात्र पुरू नका. मूळ बाटलीत, लेबल शाबूत ठेवून दुकानदाराकडे न्या. तो घेईना तर तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

पिकअपमध्ये औषध आणि पेंडीची पोती एकत्र टाकू नका. खाद्यपदार्थांना किंवा जनावरांच्या खाद्याला औषध लागेल अशी वाहतूक करायला कायद्यानेच मनाई आहे. टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर वेगवेगळ्या बादल्यांत ठेवा. दोन्ही सांडून एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. बाटल्या उभ्या, मध्ये जुनी वर्तमानपत्रं, गाडीच्या काचा उघड्या. थिनर, रॉकेल घेऊन एसटीत किंवा रेल्वेत चढू नका. रेल्वेत असा धोकादायक माल नेला तर 1989 च्या कायद्याने 3 वर्षांपर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि हे काही पेटवून देऊ नका. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये 5,000 रुपये भरपाई ठरवली. धूर छातीत जातो तो वेगळाच. अंगावर सांडलं तर कपडे काढून भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका. 108 ला फोन करा, बाटली सोबत दवाखान्यात न्या. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 वर सल्ला देतं, तोही फुकट.