भाट्याच्या खाडीतले पाहुणे

भाट्याच्या पुलावरून आपण नेहमी ये-जा करतो. ओहोटी लागली की खालचा चिखल उघडा पडतो आणि आपण नाकाला रुमाल लावतो. हिवाळ्यात मात्र तिथे जरा थांबून पाहावे. तुतवार, चिखल्या, कुरव आपल्या किनाऱ्यावर येतात ते याच दिवसांत. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी अंडी घालतात आणि थंडी घालवायला इकडे उतरतात.

त्यांना हवे असतात चिखलातले किडे, शिंपले, बारीक खेकडे. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे टिपतो, कोरलची लांब वाकडी चोच खोल बिळात शिरते. एकाच चिखलावर सगळ्यांची पंगत! पण ही पंगत ओहोटीपुरतीच. भरतीच्या वेळी हे पक्षी कोरड्या वाळूवर विसावतात. तिथे कोणी गाडी पळवली किंवा कुत्रा सोडला की थवा उडतो. आपल्याला ती गंमत वाटते. त्यांची मात्र परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते.

खाडीकाठची तिवरे गाळ धरून ठेवतात. त्यांच्या मुळांत कोलंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात, म्हणजे प्रश्न आपल्या ताटातल्या कालवणाचाही आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पाणथळ जागांबरोबर कांदळवनांच्या ऱ्हासाचाही उल्लेख केला आहे.

कारखान्यांनी आणि वस्तीने वेढलेली ठाण्याची खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. तिथे हे जमले, तर आपली खाडी अजून पुष्कळ बरी आहे.

आपल्यापैकी काहींची वडिलोपार्जित खाजणे आहेत. 'जमीन आमची, भराव आमचा' असे म्हणून चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. २०१८ च्या निकालानुसार जमीन खासगी असली तरी कांदळवनाला आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. भरावाचे ट्रक दिसले तर तहसीलदार कचेरीत किंवा वनखात्याकडे जागेच्या फोटोसह कळवावे.

मिस्सानंतर मुलांना पक्षी दाखवायला न्यायचे असेल, तर ओहोटीची वेळ भाट्याच्या मच्छीमारांना विचारावी. ती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते.