दुरुस्तीनंतर गिअर का अडतो?

अशी कल्पना करा, की एका मोटारीची क्लच प्लेट झिजली म्हणून गॅरेजमध्ये नवी बसवून घेतली. गाडी बाहेर काढली, तर गिअर नीट पडेना. पहिला गिअर टाकताना जोर लागतो आणि गाडी मागे घेण्याचा गिअर टाकताना ‘कर्रर्र’ असा आवाज येतो. ‘गिअरबॉक्सच गेला’, असे कोणीतरी म्हणून मोकळे होते. पण गिअरबॉक्स उघडणे हे मोठ्या खर्चाचे काम आहे. ते खरोखर करावे लागेल का, याचा बराचसा अंदाज पान्याला हात न लावता घेता येतो. कसा, ते आता पाहू.

गिअर पडतो म्हणजे काय होते?

एंजिनाची गती क्लचमधून एका दांड्याला मिळते आणि तो दांडा गिअरबॉक्समध्ये शिरतो. पुढे जाण्याच्या गिअरांची दातेरी चाके एकमेकांत कायमची गुंतलेली असतात. गिअर टाकताना आपण चाके सरकवत नाही, तर एक दातेरी कडे सरकवून हव्या त्या चाकाला दांड्याशी जखडतो. मात्र हे कडे आणि ते चाक सारख्याच वेगाने फिरत असले पाहिजेत, नाहीतर दाते एकमेकांवर आपटतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २ आहे, तिसऱ्याचे १.४ आहे आणि एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे. मग गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा ३००० ÷ २ = १५०० फेरे घेईल. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा गिअर टाकायचा, तर आत येणारा दांडा १५०० × १.४ = २१०० फेऱ्यांवर आला पाहिजे. म्हणजे क्षणार्धात ९०० फेरे कमी व्हायला हवेत! हे काम शंकूच्या आकाराचे एक छोटे कडे घर्षणाने करते. त्याला सिंक्रोनायझर कडे म्हणतात. ही सोय कॅडिलॅक मोटारींत १९२८ साली आली. त्यापूर्वी चालकाला प्रत्येक वेळी क्लच दोनदा दाबून वेग जुळवावा लागे.

या छोट्या कड्याला हे साधते, कारण क्लच दाबल्यावर एंजिन सुटे होते आणि फक्त हलकी क्लच प्लेट व दांडा यांचाच वेग बदलायचा उरतो. क्लच पुरता सुटला नाही, तर त्याला जड फ्लायव्हीलसह सारे एंजिन आवरावे लागेल. ते त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून क्लचचा दोष गिअरचा दोष असल्यासारखा दिसतो.

तीन परीक्षा

या परीक्षा गाडी चालवता येणाऱ्या मोठ्या माणसाने, उघड्या व सपाट जागी, हँडब्रेक ओढून व ब्रेकवर पाय ठेवून कराव्यात. गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये. बंद शेडमध्ये एंजिन चालू ठेवू नये, कारण धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो.

१. एंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहा. एखाद्या वेळी दाते समोरासमोर येऊन गिअर अडेल. तेव्हा जोर न लावता पुन्हा प्रयत्न करावा.

२. एंजिन चालू करून तेच करा. बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पुरता सुटत नसल्याचा संशय बळावतो. बंद असतानाही अडत असतील, तर गिअरच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी आधी तपासावी. दुरुस्तीत ती सोडवलेली असते आणि पुन्हा जोडताना थोडा फरक राहू शकतो.

३. एंजिन चालू असताना, न्यूट्रलमध्ये क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग मागचा गिअर टाका. पुष्कळ गाड्यांत या गिअरला सिंक्रोनायझर नसतो. इतके थांबूनही खरखर झाली, तर दांडा अजून फिरतो आहे, म्हणजे क्लच सुटलेला नाही.

क्लच का सुटत नाही?

क्लचची केबल सैल राहिली असेल, तर पेडल पूर्ण दाबूनही क्लचपर्यंत पुरेशी हालचाल पोहोचत नाही. ही दुरुस्ती सोपी आहे. काही गाड्यांत केबलऐवजी नळीतील द्रव असतो. त्यात हवेचा बुडबुडा राहिला, तर पेडलचा जोर बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. पेडल भराभर तीन-चार वेळा मारल्यावर गिअर सोपा पडत असेल, तर हवेची शंका घ्यावी. कधी क्लच प्लेटच उलटी बसवलेली असते. तेव्हा मात्र गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

सगळे गिअर नीट पडून चालत्या गाडीत एकच खरखरत असेल, तर त्या गिअरचे सिंक्रोनायझर कडे झिजले असण्याचा संभव अधिक. तेल बदलल्यावर सगळेच अडू लागले, तर तेलाचा प्रकार व पातळी पुस्तिकेशी ताडून पाहावी. तेल फार निसरडे असेल, तर कड्याला लागणारे घर्षणच मिळत नाही.

दोष सापडेपर्यंत गिअर जोराने ढकलू नये. आज केबलचा असलेला किरकोळ दोष उद्या कडी झिजवील आणि मग गिअरबॉक्स खरोखरच उघडावा लागेल.

करून पाहा

सुया नसलेल्या दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या पाण्याने भरून बारीक नळीने जोडा. एक दट्ट्या दाबला, की दुसरा तेवढाच सरकतो. आता नळीत थोडी हवा राहू द्या आणि दुसरा दट्ट्या बोटाने किंचित अडवून धरा. पहिला किती आत जातो? दुसरा किती हलतो? यावरून सांगा: पेडल मऊ लागणे हे चांगले लक्षण, की वाईट?