मेसेज वाजला की पोटात गोळा

प्रश्न : हप्ते वेळेवर जातात, तरी बँकेचा मेसेज वाजला की पोटात गोळा येतो. शिल्लक बघायचंच मी टाळते. काय करू?

उत्तर : ताई, हा हिशेबाचा नाही, भीतीचा प्रश्न आहे. मिळालेल्या शंभराच्या आनंदापेक्षा गेलेल्या शंभराची टोचणी मोठी, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं. तेव्हा मेसेज बोचणारच. रविवारी चहा झाला की पासबुक घेऊन बसा (कागदी असेल तर उत्तम). आधी तीन श्वास सावकाश सोडा. गोळा नेमका कुठे आहे, छातीत की पोटात, एवढंच बघा. त्याला हुसकावू नका. मग आकडा मोठ्यानं वाचा. लहानपणी घरात महिनाअखेरीला पैशांवरून काय बोललं जायचं, तेही कदाचित आठवेल. वहीत लिहून ठेवा. पाच मिनिटांत पासबुक बंद. झोपच उडत असेल, तर मात्र समुपदेशकाला भेटा.