जुन्या जीपचे दिवे : दोष शोधा, मगच खर्च करा

वस्तीवरून भाजीपाला घेऊन पहाटेच्या बाजाराला जाणारी जुनी जीप आजही अनेक गावांत वापरात आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. चिखलात, चढणीवर व कच्च्या वाटेवर चालणारे हे वाहन पुढे शेतीकामात रुळले. या गाड्यांच्या इंजिनाची काळजी आपण घेतो, परंतु दिव्यांकडे मात्र दुर्लक्ष होते.

हे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते. उसाच्या हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला बैलगाड्या व ट्रॉल्या उभ्या असतात. त्यांच्या मागे बहुधा दिवा नसतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. मंद उजेडात समोरची ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक लावायला अंतर उरत नाही.

दिवे मंदावले की प्रथम बल्ब बदलला जातो, नंतर बॅटरी नवी घेतली जाते आणि तरीही दिवे मंदच राहतात. याचे कारण असे की, जुन्या गाडीतील दोष बहुतेक वेळा बल्बमध्ये किंवा बॅटरीत नसून वायरींच्या जोडांत व अर्थिंगमध्ये असतो. तो क्रमाने शोधल्यास घरच्या घरी व अल्प खर्चात दूर करता येतो.

विजेचा मार्ग समजून घ्या

बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्याच्या स्विचमधून डिप्परकडे व तेथून बल्बकडे जातो. परत येण्यासाठी मात्र सहसा वेगळी वायर नसते. बल्बपासून बॅटरीपर्यंतचा परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पत्रा व चासी होय. यालाच अर्थिंग म्हणतात. पत्र्याच्या जोडावर गंज, चिखल किंवा रंगाचा थर आला की हा मार्ग अडतो.

ठिबक संचात पंपाजवळ दाब पुरेसा असूनही नळी मध्येच चोंदली तर शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही. येथेही तसेच घडते. बल्बला मिळणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, १० टक्क्यांनी घटले तरी उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. दसऱ्याला गाडी रंगविली आणि त्यानंतर दिवे मंदावले, असे झाल्यास अर्थिंगच्या बोल्टखाली रंग गेला आहे का, हे आधी पहावे.

आवश्यक साहित्य

पाने, पक्कड, पॉलिश पेपर, वायर ब्रश, व्हॅसलीन, योग्य क्षमतेचे फ्यूज आणि टेस्ट लॅम्प जवळ ठेवावा. कमी वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन लांब वायरी जोडल्या की टेस्ट लॅम्प तयार होतो. साधा मल्टीमीटर असल्यास उत्तम. महायुद्धकाळातील मूळ विलीज जीपची विद्युत व्यवस्था ६ व्होल्टची होती. नंतरच्या जीपमध्ये ती १२ व्होल्टची आली. आपली गाडी कोणत्या व्होल्टची आहे हे पाहूनच बल्ब घ्यावेत. पुढील आकडे १२ व्होल्टच्या गाडीसाठी आहेत.

पहिली पायरी : बॅटरी

गाडी काही तास बंद ठेवल्यानंतर पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ व्होल्ट म्हणजे बॅटरी जवळजवळ निम्मी उतरली असे समजावे. इंजिन सुरू करून वेग थोडा वाढविल्यावर हा आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. तो वाढत नसेल तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर, त्याचा पट्टा व रेग्युलेटर तपासावा. आकडा १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला आहे. अशा गाडीत बल्ब वारंवार उडतात व बॅटरीचे पाणी लवकर आटते.

टोकांवरील पांढरट-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बॅटरी सोडविताना बॉडीला जोडलेले टोक प्रथम काढावे व जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना पत्र्याला लागून ठिणगी पडत नाही. बॅटरीजवळ विडी, काडी पेटवू नये.

दुसरी पायरी : अर्थिंग

दिवा चालू ठेवून एक जाड वायर घ्यावी. तिचे एक टोक बॅटरीच्या बॉडीकडील टोकाला व दुसरे मंद दिव्याच्या अर्थिंगच्या वायरीला लावावे. उजेड लगेच वाढला तर दोष अर्थिंगमध्येच आहे. मल्टीमीटर असल्यास याच दोन ठिकाणांमधील व्होल्टेज मोजावे. ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त नसावे.

दोष आढळल्यास बोल्ट काढून वायरीचे थिंबल व खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट आवळावा व वरून व्हॅसलीन लावावे. बॅटरीपासून चासीला आणि चासीपासून इंजिनाला जाणाऱ्या पट्ट्याही अशाच साफ कराव्यात.

तिसरी पायरी : स्विच व डिप्पर

जुन्या जीपमध्ये डिप्पर पायाजवळ, फरशीच्या पत्र्यावर असतो. चिखलाचे पाणी तेथे थेट पोहोचते. टेस्ट लॅम्पची एक वायर स्वच्छ पत्र्याला लावून दुसरी डिप्परच्या तिन्ही टोकांना पाळीपाळीने लावावी. येणाऱ्या टोकावर लॅम्प पेटतो, परंतु डिप्पर दाबूनही जाणाऱ्या दोन्हीपैकी एकाही टोकावर पेटत नाही, असे असल्यास डिप्पर बदलावा. येणाऱ्या टोकावरच लॅम्प पेटत नसेल तर दोष मागे, स्विचकडे आहे.

लक्षणांवरून दोष ओळखा

१) एकच दिवा मंद : त्या दिव्याचे अर्थिंग किंवा होल्डर.
२) दोन्ही दिवे मंद : बॅटरी, मुख्य अर्थिंग, स्विच किंवा डिप्पर.
३) इंजिनाचा वेग वाढविल्यावर उजेड बराच वाढतो : बॅटरी उतरलेली किंवा भरणा अपुरा.
४) इंडिकेटर लावल्यावर शेजारचा छोटा दिवाही लुकलुकतो : दोघांचे सामाईक अर्थिंग तुटलेले.
५) दिवे आपोआप विझतात व थोड्या वेळाने पेटतात : सैल जोड. काही जुन्या जीपमध्ये स्विचमागे सर्किट ब्रेकर असतो. तो तापून प्रवाह तोडत असल्यास कोठेतरी शॉर्ट आहे.

फ्यूज वारंवार उडत असल्यास

फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी कदापि घालू नये. फ्यूज उडतो तो गाडी वाचविण्यासाठी. तार घातली की फ्यूजऐवजी वायरिंग जळते आणि जवळच डिझेल किंवा पेट्रोलची नळी असते.

अशा वेळी सर्व बल्ब काढून फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडावा व दिव्याचा स्विच चालू करावा. लॅम्प पेटला तर वायर कोठेतरी पत्र्याला टेकली आहे. मग एकेका दिव्याची जोडणी सोडवीत जावे. ज्या वेळी लॅम्प विझेल, त्या फाट्यावर दोष आहे. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तेथील फाटलेले रबर, गरम सायलेन्सरजवळचा भाग आणि उंदरांनी कुरतडलेली जागा विशेष तपासावी. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या असणाऱ्या गाडीत उंदरांचा त्रास अधिक होतो.

जास्त वॅटचे बल्ब नकोत

५५ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. १०० वॅटचे दोन बल्ब जवळजवळ १७ अँपिअर घेतात. जुना स्विच व वायरी एवढ्या प्रवाहाने तापतात, शिवाय समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. योग्य बल्ब ठेवून रिले बसवावा, बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर घ्यावी व बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज घालावा. यामुळे स्विचवरील भार कमी होतो व बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळते.

मागील दिवे विसरू नका

आपल्याला पुढचे दिवे दिसतात, मागचे दिसत नाहीत. प्रवासापूर्वी घरातील कोणाला तरी मागे उभे करून टेल लॅम्प, ब्रेकचा दिवा व इंडिकेटर पहावेत. ट्रॉली जोडल्यास तिला लाल रिफ्लेक्टर लावावेत.

वर सांगितलेली तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व ऊसतोडणी सुरू होण्यापूर्वी करावी. खाजगी वाहनाच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण करताना दिव्यांची तपासणी होतेच. परंतु केवळ त्या दिवसापुरते दिवे नीट असून चालत नाही. पॉलिश पेपरचा एक तुकडा व सुटीतील एक सकाळ एवढ्यावर बरेचसे दोष दूर होतात. तेव्हा नवा बल्ब आणण्यापूर्वी अर्थिंगचा बोल्ट खोलून पहावा.