विजेच्या सायकलीचा जमाखर्च

विजेवर चालणारी सायकल हा विषय यंत्रशास्त्राचा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, बॅटरीतील वीज हे भांडवल आहे आणि रस्ता हा खर्च आहे. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत भांडवल पुरले पाहिजे. खानापूरहून बेळगावला कॉलेजसाठी येणाऱ्यास जाऊन-येऊन सुमारे ५० किलोमीटर पडतात. आतल्या खेड्यांतून येणाऱ्याच्या वाट्याला वर खड्डे आणि कच्चा रस्ताही येतो. अशा विद्यार्थ्यासाठी खात्रीची आणि आरामशीर सायकल कशी बांधावी, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. स्वार व सायकल मिळून वजन १०० किलो धरू. खराब रस्त्यावर चाके फिरती ठेवण्यास वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे २० न्यूटन जोर लागतो. सपाटीवर ताशी २० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध साधारण ११ न्यूटन असतो, ताशी २४ ला तो १६ होतो. वेग २० टक्क्यांनी वाढला, पण विरोध ४४ टक्क्यांनी वाढला. कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मोटर व तिच्या नियंत्रकात चौथा हिस्सा वाया जातो असे धरले, तर पहिल्या वेगाला दर किलोमीटरमागे सुमारे ११ आणि दुसऱ्या वेगाला १३ वॉट-तास खर्च येतो.

आता जमेची बाजू. ४८ व्होल्ट, १५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ७२० वॉट-तास. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करू नये, म्हणून ८० टक्केच, म्हणजे ५७६ वॉट-तास खर्चास काढू. भागाकार केला की ताशी २० ने सुमारे ५१ किलोमीटर, ताशी २४ ने ४४. म्हणजे थोड्याशा घाईपायी परतीच्या वाटेवरचे शेवटचे सहा किलोमीटर पायांवर येतात! उलट, स्वाराने ६० वॉटचे साधे, दम न लागणारे पेडल मारत राहिले, तर ताशी २० च्या वेगाने हाच पल्ला ७८ किलोमीटरपर्यंत जातो. शिल्लक राहते ती येथे.

चढाचा खर्च वेगळा मांडावा. १०० मीटर उंची चढण्यास बॅटरीतून सुमारे ३६ वॉट-तास जातात, म्हणजे सपाटीवरचे तीन किलोमीटर. सायकलीचे वजन १० किलोंनी वाढले तर या चढाला जेमतेम साडेतीन वॉट-तास जास्त लागतात. वजनाचा बाऊ करतात तेवढा तो शत्रू नाही; खरा शत्रू धक्का आहे. प्रत्येक खड्ड्यात स्वाराचे अंग वर उचलले जाते आणि ती शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. आराम ही चैन नसून बचत आहे, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा.

डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी तो केला होता. धक्के कमी झाले आणि सायकल हलकीही चालू लागली. आजही पहिला पैसा टायरवर घालावा: दोन इंचांहून रुंद आणि हवा बेताची. दगडासारखा कडक फुगवलेला टायर गुळगुळीत डांबरावरच शोभतो. त्यानंतर स्प्रिंगची सीट आणि उंच हँडल. आपल्या जुन्या काळ्या सायकलीची लांब, मागे कललेली फ्रेम याच कामाची होती. मात्र तिचे सळईचे ब्रेक या वजनाला अपुरे पडतात. तेथे डिस्क ब्रेक हवेत.

बॅटरी कॅरिअरवर लादू नये. तेथे ती झोके खाते, मागचे स्पोक तुटतात, चाक आउट होते. फ्रेमच्या त्रिकोणात ती स्थिर राहते. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी जड असली तरी दीर्घायुषी आणि उष्णतेला अधिक सुरक्षित आहे. मोटर चाकाच्या हबमध्ये बसवली तर देखभाल कमी. पण लांब, उभ्या चढावर वेग मंदावला की ती तापते. चढ फार असतील तर पेडलजवळची मोटर बरी, कारण तिला सायकलीच्या गिअरचा उपयोग होतो. चेन मात्र लवकर झिजते. पावसाळ्यासाठी प्रत्येक वायर जोडणीच्या आधी खाली वळवावी, म्हणजे पाणी आत न शिरता तेथेच ठिबकते.

मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, या मोटार वाहन नियमांतील मुख्य अटी आहेत. त्या जाचक वाटतात, पण वरील हिशेब पाहता त्या आपल्या खिशाच्या बाजूनेच आहेत.

एकदा पूर्ण चार्ज करण्यास एक युनिटहून कमी वीज लागते. तेव्हा दुकानात मोठी बॅटरी मागण्याआधी टायर, सीट आणि वेग यांचा विचार करावा. भांडवल वाढवण्याआधी गळती थांबवावी, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. सायकलीलाही तेच लागू पडते.